नातीची मराठी कुणी खाल्ली?

जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये, लेकीकडच्या माझ्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसातला मी मिक्सर लावला. साबुदाणा रात्रीच भिजवला होता, खिचडीपुरतं दाण्याचं कूट करायचं होतं. मिक्सर अर्धा मिनिटही फिरला नसेल, तेवढ्यात लेक झोपेतून उठून धावत आली आणि तिने सरळ प्लगच उपटला.

"आई, रविवार आहे!"

"मग?"

"मग काही नाही. रविवारी इथे आवाज करत नाहीत."

इंदूरच्या बाईला हे पचायला वेळ लागतो. आमचा रविवार पोह्यांच्या कढईपाशी सुरू होतो, जिलेबीची रांग, वर शेव आणि जीरावन मसाला, आणि आदल्या रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत दीड वाजेपर्यंत भुट्ट्याचा कीस खाल्लेली मंडळी अजून डोळे चोळत असतात. जावयांनी चहा घेता घेता मला नीट समजावलं. मिक्सर लावला म्हणून कुणी पोलीस बोलावत नाही, पण ड्रिल, हातोडा, व्हॅक्यूम क्लीनर रविवारी वर्ज्य. दुकानं बंद. रिकाम्या काचेच्या बाटल्या टाकायचा डबा चौकात असतो, त्याच्यावरही लिहिलेलं असतं की रविवारी टाकू नका, खळखळाट होतो. आणि हा नुसता रिवाज नाही. १९१९च्या वायमार राज्यघटनेने रविवार हा विसाव्याचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून राखून ठेवला, आणि १९४९मध्ये नवी घटना झाली तेव्हा ते कलम जसंच्या तसं उचलून घेतलं. घटनेने राखलेला रविवार! आमच्या घरी एकादशीसुद्धा इतकी कडक पाळली गेली नाही.

जर्मनीला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. असे दोन मुक्काम माझे झाले. पहिल्या वेळी नात चार वर्षांची होती, दुसऱ्या वेळी सात. इंदूरला परत आल्यावर लोकमान्यनगरच्या बागेत संध्याकाळी आमची जी बैठक जमते, तिच्यात मला मानाचं स्थान मिळालं. त्या बैठकीत निम्म्या जणांची मुलं बाहेर आहेत, आणि प्रत्येकाकडे नवलाईची एक गाठोडी असते. कुणाच्या मुलाकडे सिंगापुरात च्युइंगम मिळत नाही, कुणाच्या सुनेला ह्यूस्टनमध्ये गाडीशिवाय दूधही आणता येत नाही. गाठोडी सोडून झाली की शेवटी सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं, "सगळं छान आहे हो, पण नातवंडं मराठी बोलत नाहीत." मग थोडी शांतता, मग एखादे निवृत्त साहेब घसा साफ करून म्हणतात, "महाराष्ट्र शासनाने काहीतरी करायला पाहिजे."

शासनाने काय करावं याची यादी आता पाठ झाली आहे. परदेशात मराठी वर्गांना अनुदान, पुस्तकं, शिक्षक, प्रमाणपत्रं. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून या यादीला जोर चढला आहे. पैसे मिळाले तर वाईट नाही. पण माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते बैठकीत कुणालाही आवडलेलं नाही. नातवंडांची मराठी परदेशाने खाल्लेली नाही. ती आपण खाल्ली आहे, आणि तीसुद्धा इथे, इंदुरात बसून.

आधी नवलाईचं उरकून घेते.

ज्या गोष्टींचं इतरांना आश्चर्य वाटतं त्यातल्या काही मला ओळखीच्याच निघाल्या. कचरा. तिकडे कागद वेगळा, जैविक वेगळा, वेष्टनं वेगळी, काच तर रंगाप्रमाणे तीन डब्यांत, पांढरी, हिरवी, तपकिरी. पुण्याच्या माझ्या नणंदबाई हे पाहून चक्रावल्या होत्या. मी २०१७पासून स्वच्छतेतला पहिला नंबर न सोडणाऱ्या गावची, ओला-सुका-प्लास्टिक-घातक असे सहा प्रकार करून गाडीपाशी उभी राहणारी. मला लेकीने एकदाच सांगावं लागलं. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर दुकानदार २५ सेंट अनामत घेतो आणि रिकामी बाटली यंत्रात टाकली की परत देतो, यात तर काहीच नवल नाही. लहानपणी सोड्याची बाटली घरी नेली तर दुकानदार पैसे ठेवून घ्यायचा. 'झी' म्हणजे तुम्ही आणि 'डू' म्हणजे तू, या त्यांच्या दोन संबोधनांचा इंग्रजी बोलणाऱ्यांना जो घोळ होतो, तो तू-तुम्ही-आपण यांच्यात वाढलेल्या बाईला का होईल? उलट वयाने मोठ्याने होऊन 'आता मला डू म्हण' असं सांगायचं, ही रीत मला फार आवडली. आपल्याकडे अहोचं अगं कधी झालं हे कुणालाच कळत नाही.

दाराची घंटा मात्र मजेची. तिकडे पत्त्यात घराचा नंबर असतो, पण इमारतीतल्या फ्लॅटला बहुधा नंबर नसतो. घंटेपाशी आडनाव लिहिलेलं असतं, पोस्टमन ते वाचून टपाल टाकतो. आडनाव नाही तर पत्र नाही. सहा पिढ्यांपूर्वी साताऱ्याकडून कारकुनीसाठी होळकरांच्या आश्रयाला आलेल्या घराण्याचं आडनाव श्वाबेन या श्टुटगार्टच्या मुलखातल्या एका जिन्याखाली, दोन जर्मन आणि एका तुर्की आडनावाच्या मध्ये पाहिलं तेव्हा घशाशी काहीतरी आलं, हे कबूल करते. लेकीने लग्नानंतर आडनाव बदललं नाही, म्हणून तर ते तिथे आहे. आणि नातीचं ओळखपत्र! पासपोर्टात आपल्या रीतीप्रमाणे मुलीच्या नावापुढे बापाचं नाव. तिकडच्या खात्याने दोन्ही तिचीच पाळण्यातली नावं धरली. तेव्हापासून घरात जावयांना 'नातीचं दुसरं नाव' म्हणतात.

आता जिथे खरंच ठेच लागली ते सांगते, कारण त्याचा माझ्या म्हणण्याशी संबंध आहे.

माझ्या दिराच्या मुलाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर, नोव्हेंबरच्या अखेरीला इंदुरात ठरलं. नात तेव्हा पहिलीत होती. लेकीने शाळेत दहा दिवसांची रजा मागितली. शाळेने सौजन्याने नाही म्हटलं. एक दिवस देता येईल, दोनही देता येतील, दहा नाही. शिक्षण तिकडे सक्तीचं आहे आणि ती सक्ती मुलापेक्षा आईबापांवर आहे. घरी शिकवतो म्हणायचीही सोय नाही. न विचारता मुलाला नेलं तर दंड होतो. २०१८ साली बायर्न राज्यातल्या विमानतळांवर सुट्टी लागायच्या आधीच मुलांना घेऊन निघालेल्या कुटुंबांना पोलिसांनी हटकलं, त्याच्या बातम्या झाल्या होत्या.

मग सुट्टीत लग्न ठेवा, असं कुणीतरी सुचवलं. आणि इथे आमच्या घरात जी चर्चा झाली ती पंचांगकर्त्यांनी ऐकायला हवी होती. श्टुटगार्टच्या राज्यात नाताळची सुट्टी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत. आमच्या माळव्यात तो खरमास, संक्रांतीपर्यंत लग्न नाही. उन्हाळ्याची सुट्टी जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. तो चातुर्मास, देव झोपलेले. ईस्टरची सुट्टी बहुतेक वेळा मार्च-एप्रिलच्या खरमासात सापडते. राहिली मे-जूनमधली पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची. मुहूर्त मिळतो, पण इंदुरात तेव्हा बेचाळीस अंश, आणि वधूपक्षाने हात जोडले. जर्मनीच्या शिक्षणखात्याने आणि आपल्या धर्मशास्त्राने संगनमत केल्यासारखं हे वेळापत्रक आहे.

शेवटी लेक एकटी आली. लग्नात दर पाच मिनिटांनी तिला कुणीतरी विचारत होतं, पोरगी कुठे आहे? मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "आपलं मूल आणि आपल्यालाच परवानगी मागायची?" तेव्हा मलाही ते पटलं होतं. चार दिवसांनी पटेनासं झालं. मी तीस वर्षं सरकारी शाळेत शिकवलं आहे. एप्रिलात शेतीच्या कामाला, नोव्हेंबरात लग्नाला, मधेच मामाच्या गावाला, अशी वर्गातून गळत गेलेली पोरं मी पाहिली आहेत आणि हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे खोटी 'उ' लिहिली आहे. तिकडे कंपनीच्या साहेबाच्या मुलाला आणि निर्वासित सीरियन सुताराच्या मुलाला रजेचा नियम एकच. या शिस्तीत मुलावर कुणाची तरी नजर आहे, आणि ती नजर माझ्या नातीवरही आहे. तिला ते पाहुणी समजत नाहीत. पाहुणी आपणच समजतो. आपल्या मनात ती तिकडे 'गेलेली' आहे, कधीतरी 'येणारी' आहे, आणि मधला सगळा काळ हा फलाटावर बसून काढायचा काळ आहे. फलाटावर बसलेल्या माणसाला प्रत्येक गोष्टीचं नवल वाटतं आणि प्रत्येक नियमाचा राग येतो.

पासपोर्टचंही तेच. २७ जून २०२४पासून जर्मनीने दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली आणि पाच वर्षांच्या वास्तव्यावर अर्ज करता येऊ लागला. आपल्या १९५५च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम मात्र दुसरं नागरिकत्व घेतलं की पहिलं सोडायला लावतं. जावई विचार करताहेत एवढं कळल्यावर घरात सुतक पडल्यासारखं झालं. निळ्या पुस्तकाचं तांबडं पुस्तक होईल म्हणून रडणारी माणसं त्याच पोरीशी फोनवर कोणत्या भाषेत बोलतात, हे मी मुद्दाम कान देऊन ऐकलं. आणि तिथेच मला चोर सापडला.

त्याआधी बालवाडीतली एक गोष्ट. पहिल्या मुक्कामात मी नातीला सोडायला 'किटा'त जात असे. तिथल्या बाईंनी लेकीला एकदा थांबवून विचारलं, घरी मुलीशी कोणत्या भाषेत बोलता? लेक जरा ताठ होऊन म्हणाली, इंग्रजीत. शाबासकी मिळेल असा तिचा आव. बाईंचा चेहरा पडला. त्या म्हणाल्या, इंग्रजी ही तुमची भाषा आहे का? तुम्ही रागावता कोणत्या भाषेत? झोपेत बडबडता कोणत्या? तीच बोला. जर्मन आमच्यावर सोडा.

जर्मनीतली जर्मन बाई माझ्या लेकीला सांगते आहे की मुलीशी मराठी बोल! मी तिथे उभी होते आणि मला इतकी लाज वाटली की मी बर्फाकडे बघत राहिले.

कारण लेकीने हे कुठून उचललं ते मला ठाऊक होतं. मुलगी झाली तेव्हा दोघांनी हिशेब मांडला होता: जर्मन शाळा शिकवेल, इंग्रजी आपण शिकवू, उद्या कॅनडाला जावं लागलं तर उपयोगी पडेल, आणि मराठी काय, घरचीच आहे, आपोआप येईल. हे 'आपोआप येईल' माझंच वाक्य आहे. पस्तीस वर्षांपूर्वी लेकीला इंग्रजी शाळेत घातलं तेव्हा मी सासूबाईंना हेच सांगितलं होतं. इंग्रजी शाळा देईल, हिंदी गल्ली देईल, मराठी आपोआप. तिला मराठी आली, पण ती आपोआप आली नाही. सासूबाईंमुळे आली. त्यांना हिंदी धड येत नसे आणि इंग्रजी अजिबात नाही, त्यामुळे आजीकडून लाडू हवा असेल तर मराठीतच मागावा लागे. भाषा टिकवायला घरात एक तरी माणूस असा लागतो की ज्याच्याशी दुसऱ्या भाषेत भागत नाही.

आता आमच्या घरचा व्हिडिओ कॉल ऐका. आत्या: "हाय बेटा, क्या कर रही हो?" मामा: "हाउ वॉज स्कूल?" मावशीची मुलगी हिंदी-इंग्रजीची खिचडी. आजोबा, म्हणजे आमचे हे, मराठीत सुरुवात करतात, पोरगी अर्धं सेकंद थबकली की लगेच इंग्रजीत उतरतात, कारण थबकलेलं त्यांना बघवत नाही. आणि मी? मी पहिल्या चार वर्षांत तिला 'गुड मॉर्निंग बेटा'च म्हणत आले. पाच मिनिटांच्या त्या फोनमध्ये मराठी वाक्यं मोजली तर एका हाताची बोटं पुरली असती. मग बागेत येऊन सुस्कारा, नातवंडं मराठी बोलत नाहीत.

इंदूरकराने तरी हे करू नये. आपण इथे परके म्हणून आलो. मल्हारराव होळकरांना माळव्यात जहागिरी मिळाली त्याला तीनशे वर्षं होत आली. १८१८च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि तिच्यामागे कारकून, पुराणिक, वैद्य, आचारी, गवई अशी मराठी वस्ती वाढली. त्यांच्या बायकांनाही इथल्या रीतींची ठेच लागलीच असेल. पण त्यांनी जी घडी बसवली ती पाहा. दूधवाल्याशी माळवी, बाजारात आणि पुढे कचेरीत हिंदी, उंबऱ्याच्या आत मराठी. एक भाषा दुसरीला खाते अशी कुणाला भीती नव्हती. साहित्य संमेलनांचीच गोष्ट घ्या. १९१७ साली मराठी साहित्य संमेलन इंदुरात भरलं आणि पुढच्याच वर्षी, १९१८ला, हिंदी साहित्य संमेलन याच गावात भरलं, अध्यक्ष महात्मा गांधी. १९३५ला पुन्हा दोन्ही संमेलनं इंदुरातच. हिंदीचे अध्यक्ष पुन्हा गांधीजी, मराठीचे औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. २००१ला मराठी संमेलन तिसऱ्यांदा आलं, विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या. परमुलखात राहून, तिथली भाषा स्वतःची करून, आपलीही ठेवता येते याचा एवढा ढळढळीत पुरावा आपल्या गावात असताना आपण जर्मन भाषेच्या नावाने बोटं मोडतो.

तर मग इथली मराठी आता का ढासळते आहे? राज्य गेलं म्हणून, असं एक उत्तर असतं. १९४८ला संस्थान मध्य भारतात विलीन झालं, १९५६ला मध्य प्रदेश झाला, दरबारी मराठीचं काम संपलं. हे खरं, पण त्यानंतरही माझ्या पिढीपर्यंत घरात मराठीच होती. ढासळली ती इंदूरच्या रामबाग, पागनीसपागा या मराठी वस्त्यांतल्या आयांनी पोरांना हिंदीत रागवायला सुरुवात केली तेव्हा. मी त्यातलीच एक. अभ्यास घ्यायचा तर हिंदीत, धाक घालायचा तर हिंदीत, कौतुक इंग्रजीत. मराठीत उरलं काय? आरती आणि पुरणपोळी.

शासनाचा विषय निघालाच आहे तर हेही सांगते. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने घटनेत ३५०-अ हे कलम आलं. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असं ते कलम सांगतं. म्हणजे मध्य प्रदेशातल्या मराठी मुलासाठी हे दार उघडं आहे. माझ्या ओळखीतल्या एकाही पालकाने, आणि माझी ओळख लहान नाही, ते कधी ठोठावलेलं मला ठाऊक नाही. आम्हालाच मराठी शाळा नको होती. स्वतःच्या गल्लीत जे मागितलं नाही ते श्टुटगार्टमधल्या पोरांसाठी मुंबईतल्या मंत्र्याकडे मागायचं, याला काय म्हणावं? (श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८पासून भगिनी-शहरं आहेत, एवढाच काय तो आधार.)

नणंदबाईंशी यावर माझं रीतसर भांडण झालं. त्यांचं म्हणणं, दिवसाचे सात तास पोरगी जर्मनमध्ये असते, मैत्रिणी जर्मन, पुस्तकं जर्मन, तू फोनवर मराठी बोलून कोणता तीर मारणार आहेस? यात तथ्य आहे. तिची मराठी तिच्या जर्मनच्या गुडघ्याला लागेल फार तर. तिला मराठी कादंबरी वाचता येईल असं मला वाटत नाही आणि त्याचं दुःखही करायचं नाही असं मी ठरवलं आहे. आठवड्याच्या मराठी वर्गांनाही मी नावं ठेवणार नाही. उत्तर अमेरिकेत १९८१पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे, तिथल्या मराठी शाळा आईबाप स्वतःचे शनिवार-रविवार घालवून चालवतात. आपल्यासारखी आणखीही पोरं आहेत हे मुलाला तिथे दिसतं, ही मोठी गोष्ट. पण वर्गात 'क कमळाचा' येतो. 'सरक जरा', 'पसारा आवर', 'ते उष्टं आहे', 'कुशीवर वळ' हे वर्गात कोण शिकवणार? उष्टं आणि खरकटं यांतला फरक कोणत्या पाठात घालाल? श्टुटगार्टला गणपतीत भाड्याच्या हॉलमध्ये चारशे माणसं जमली होती. पोरांनी मोदक खाल्ले, लेझीम खेळली, निवेदन इंग्रजीत झालं आणि गाणी हिंदी वाजली. छान झालं. पण त्याला मराठी म्हणू नका.

आणि या सगळ्याचं ओझं आपण टाकतो कुणावर? लेकीवर. नोकरी तिने करायची, किटातून मूल तिने आणायचं, जर्मनची परीक्षा तिने द्यायची, जिना तिने झाडायचा, आणि मुलीला मराठी आली नाही तर दोष तिचा. जावयांना आजवर एकाही नातेवाईकाने विचारलेलं नाही की तुम्ही पोरीशी काय बोलता. आपल्याकडे नुसतं बसून असलेली माणसं किती आहेत! आजी, आजोबा, आत्या, काका, सगळे निवृत्त, सगळ्यांकडे फोन. रोजची दहा मिनिटं मराठीत काढायला काय खर्च येतो?

मी दोन वर्षांपूर्वी घरात फतवा काढला. नातीशी बोलायचं तर मराठीत, नाहीतर बोलू नका. ती थबकली तर थांबायचं. आमच्या ह्यांना हे सगळ्यांत जड गेलं. पहिले दोन महिने फोनवर नुसतं एकमेकांकडे बघणंच जास्त झालं. मग एकदा पोरगी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आजोबा, सूर्य आली."

आत्याबाई हसल्या. मी त्यांना हसू दिलं नाही. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आहे. चंद्र पुल्लिंगी, आपल्यासारखाच. आणि मुलगी, खुद्द मुलगी, नपुंसकलिंगी! आपल्याकडे 'ते पोर' नपुंसकलिंगी असतंच ना, तसं. हिंदीत दोनच लिंगं. मराठीत आणि जर्मनमध्ये तीन. म्हणजे त्या पोरीचा जर्मन कान मराठीच्या तिसऱ्या लिंगासाठी आमच्या इंदुरी कानापेक्षा जास्त तयार आहे. आणि हसणार कोण? 'तो माझ्या मागे पडला' असं बोलणारे आपण? पुण्याची माणसं त्याचा अर्थ शर्यतीत मागे राहिला असा घेतात. आपल्याला म्हणायचं असतं पिच्छाच सोडत नाही. पुण्याला गेल्यावर आपल्या मराठीवर जे हसतात ते आठवावं आणि सूर्याला येऊ द्यावं, ती येवो की तो.

दुसऱ्या मुक्कामात त्याचं फळ मला भलत्याच ठिकाणी मिळालं. त्या भागात 'केअरवोखे' नावाचा प्रकार आहे, झाडण्याचा आठवडा. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी पाळीपाळीने जिना आणि समोरचा रस्ता झाडायचा. ज्याची पाळी त्याच्या दारावर एक पाटी लटकते. झाडून झालं की पाटी शेजारच्या दारावर. आमच्या पाळीच्या शनिवारी लेक आणि जावई कामात होते, म्हणून मी आणि नात झाडू घेऊन उतरलो. पाऊण तास घासला तो जिना. इंदूरची इज्जत होती. मग पाटी लटकवायला खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंच्या दारात गेलो. त्या ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत बाहेर आल्या, पाटीकडे न बघता जिना चढून वर गेल्या, वाकून पाहिलं आणि काहीतरी बोलल्या. त्यांना इंग्रजी येत नाही, मला जर्मन येत नाही. आम्हा दोघींच्या मध्ये एकच दुभाषी होती, तिचे पुढचे दोन दात पडलेले होते.

"काय म्हणतात गं?"

पोरगी थबकली. मी थांबले.

"आजी, ती म्हणते, कोपरा राहिली."

मी परत वर गेले. राहिली होती खरी, दुसऱ्या वळणावरची.